इझरिन आणि घोंगड्याखालची बोटं

डोळ्यांच्या डॉक्टरकडे माणसं फक्त डोळे घेऊन येतात, असा एक गोड गैरसमज आहे. माझ्याकडे माणसं अख्खी येत. खुर्चीत बसली की पोट, सासू, कोर्टातला दावा, चुकलेली म्हैस, सगळं सांगून व्हायचं आणि उठता उठता, "आन् हां, डाव्या डोळ्यानं बी जरा दिसंना झालंय," असं पुढे यायचं. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझा दवाखाना होता. तिथे बसून मी उमेदीची वर्षं ही अख्खी माणसं ऐकण्यात घालवली आणि मधल्या वेळात डोळे तपासले.

संपादकांना दिवाळी अंकासाठी माझ्याकडून एखादी थरारक शस्त्रक्रिया हवी आहे. मोतीबिंदू काढण्यात थरार नसतो. कुणाला तो जाणवलाच तर त्याने डॉक्टर बदलावा. म्हणून मी शस्त्रक्रियेबद्दल न लिहिता एका बाटलीबद्दल लिहिणार आहे.

बाटली लहान, काळपट काचेची. आत इझरिनचं पाणी. हे औषध पश्चिम आफ्रिकेतल्या एका वेलीच्या घेवड्यातून निघतं. काचबिंदूत डोळ्यातला ताण वाढतो, तेव्हा हे थेंब घातले की बाहुली मोहरीएवढी होते आणि ताण उतरतो. माणसाला मात्र सगळं अंधारलेलं दिसतं. कुर्डुवाडीचे रेल्वेतले एक गृहस्थ थेंब घातल्यावर दर खेपेला मला विचारत, "डॉक्टर, दिवे बारीक केलेत का हो? तेल महागलं वाटतं!" भर दुपारी विचारत. मी दर खेपेला चिडत असे आणि ते दर खेपेला खूश होत.

या औषधाचा स्वभाव नाजूक. उजेड लागला, उन्हाळा लागला की पाणी गुलाबी होतं, आणि गुलाबी झालं की कामातून गेलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात माणसं काळवंडतात तिथे या बिचाऱ्याची काय कथा. माझे कंपाउंडर नरसय्या बाटलीला ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवत आणि सकाळी उजेडाकडे धरून बघत. "आज लाजली नाही," म्हणाले की मी समजायचं, औषध चांगलं आहे.

या बाटलीची खरी करामत मी पहिल्यांदा पाहिली ती डोळ्यात नव्हे, डोक्यात.

नरसय्यांच्या गल्लीत एक तेलुगू विणकर राहायचा. दमेकरी. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने धोत्र्याच्या पानांचा काढा करून घेतला आणि दमा जावा म्हणून जरा जास्तच घेतला. घरच्यांनी त्याला खाटेवर घालून माझ्याकडे आणलं, कारण त्याच्या बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की रोग डोळ्यांचाच, अशी त्यांची खात्री होती. अंग तापलेलं, तोंड कोरडं ठणठणीत, चेहरा लालबुंद, आणि गडी खाटेवर बसून विणत होता! समोर माग नाही, सूत नाही, पण पाय खालीवर होताहेत, हात धोटा फेकताहेत. मध्येच थांबला, माझ्याकडे पाहून ओरडला, "धागा तुटला! धर की तो!" आवाजात इतका अधिकार होता की मी मुकाट्याने हात पुढे केला आणि हवेतला धागा धरून उभा राहिलो.

धोत्र्याच्या विषावर इझरिन चालतं, असं एका जुन्या पाठ्यपुस्तकात कोपऱ्यात लिहिलेलं मला आठवलं. मी एका हाताने धागा सांभाळला आणि नरसय्यांना तयारी करायला सांगितली. बेताबेताने इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने पाय थांबले, मग हात थांबले. त्याने इकडेतिकडे पाहिलं, बायकोला ओळखलं आणि मग माझ्याकडे वळून अत्यंत काळजीने विचारलं, "डॉक्टरसाहेब, हात वर करून काय करताय?"

नरसय्यांच्या मते मी तो धागा फार छान धरला होता. पुढे कित्येक वर्षं ते हे प्रत्येक नव्या रोग्याला सांगत आले.

आता हे होतं कसं, ते साध्या भाषेत सांगतो. मेंदूतली एक पेशी दुसरीला, किंवा एखादी नस स्नायूला काही सांगते, तेव्हा टोकाशी कणभर रस सोडते. मी याला पाटीवर लिहिणं म्हणतो. अक्षर उमटलं, पलीकडच्याने वाचलं, की ते लगेच पुसलं गेलं पाहिजे, नाहीतर पुढचं अक्षर लिहायचं कुठे? हे पुसण्याचं काम शरीरातला एक पदार्थ करतो. इंग्रजीत त्याला एन्झाइम म्हणतात, मराठीत हल्ली विकर म्हणू लागलेत. हा पुसणारा भलता चपळ. डोळ्याचं पातं लवायच्या आत पाटी कोरी. तो आहे म्हणून आपले विचार एकात एक गुंतत नाहीत आणि उचललेला हात खाली येतो. धोत्रा काय करतो, तर पाटीवर फडकं टाकतो. लिहिलेलं कुणाला दिसत नाही आणि मेंदू मनाला येईल ते वाचू लागतो. इझरिन त्या पुसणाऱ्याचा हात धरून ठेवतं. मग अक्षर पुसलं जात नाही, त्यावर आणखी अक्षरं चढतात, गडद होतात आणि फडक्याखालूनही वाचता येतात. घटकाभर हात धरायचा, मग सोडायचा. फार वेळ धरला तर पाटीचा चिखल होतो आणि माणूस मरतो. म्हणून इझरिन देताना धोत्र्याच्याच कुळातलं ॲट्रोपीन शेजारी भरून ठेवायचं. दोघं एकमेकांचे हाडवैरी, आणि माझ्या कपाटात एकाच फळीवर नांदत.

ही सगळी समजूत मला त्या वेळी इतकी स्वच्छ होती असं नाही. थोडं तेव्हा वाचलेलं, बरंचसं नंतर. पण त्या जोरावर मी एका माणसाच्या इमानाच्या खटल्यात साक्षीदार झालो, आणि तीच गोष्ट मला मुख्यतः सांगायची आहे.

धुळाबा सांगोल्याकडचा धनगर. उंच, हाडापेराने मोठा, भल्यामोठ्या मिश्या. स्वतःची मेंढरं भाऊ राखायचे आणि हा शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात दलाली करायचा. त्याची बायको पारूबाई त्याला दंडाला धरून दवाखान्यात घेऊन आली ती दुपार कलल्यावर. त्याच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि बघण्यासाठी मान मागे टाकलेली. मला वाटलं, मोठ्या तोऱ्यातला माणूस दिसतोय.

"काय होतंय?"

"सकाळच्याला कायबी न्हाय," धुळाबा नाकात बोलला. "दुपार झाली की एका बोकडाची दोन बोकडं व्हत्यात."

"धंदा वाढला म्हणायचा!" मी म्हणालो. पारूबाईला विनोद आवडला नाही.

"समदा बाजार हसतुय त्येला, तुमी आनिक हसू नगासा," ती म्हणाली. "सकाळी गडी वाघावानी उटतुया. सांजच्याला डोळं झाकून बसतुय, भाकर चावंना. लोकं म्हन्त्यात, ताडी पितुय. माळकरी मानूस हाय हो ह्यो!"

मी त्याला छताकडे बघत राहायला सांगितलं. पापण्या हळूहळू खाली येत गेल्या आणि डोळे झाकले गेले. मग मी पारूबाईला गाठोड्यातली भाकरी मागितली. आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे पापडासारखी वाळवलेली, दातांची परीक्षा पाहणारी. धुळाबाने पहिले घास कडाकडा फोडले. मग जबडा मंदावला. मग त्याने हनुवटीला हात लावला आणि हातानेच जबडा वरखाली करू लागला. ते बघून माझी थट्टा जागच्या जागी संपली. हा आजार मी पुस्तकात वाचला होता. स्नायूला निरोप पोचतो, पण फिका. विश्रांतीनंतर ठीक, वापरू तसा जोर ओसरत जातो. खडू कमी पडतो की पाटीच खराब, यावर मोठमोठे लोक अजून भांडताहेत. पुस्तकात उपायाच्या जागी त्या काळी पांढरा कागद होता.

"डोळ्याचं जाऊ द्या," धुळाबा अडखळत म्हणाला. "डागदरसायेब, माजा हात गेलाय."

"कुठे गेलाय? हा तर आहे."

मग त्याने मला त्यांच्या बाजाराची रीत सांगितली. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आपल्या घोंगड्याचा पदर दोघांच्या हातांवर टाकतो, आणि आत गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव सांगतो. जितकी बोटं दाबली तितका आकडा. गिऱ्हाईक तसंच उत्तर देतं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी सौदा दोघांतच राहतो. भाव मोठ्याने बोलणं म्हणजे धंद्यातली अब्रू घालवणं. दलालाची सगळी पत त्याच्या बोटांत. आणि धुळाबाचा हात बाजारात नावाजलेला होता.

तो हात दुपारनंतर खोटं बोलू लागला. धुळाबा चार बोटं दाबायचा, पण करंगळीकडचा जोर इतका फिका पडायचा की समोरच्याला तीनच कळायची. पैसे द्यायची वेळ आली की भांडण. जनावराचा मालक म्हणे चार, गिऱ्हाईक म्हणे तीन, आणि मधला धुळाबा शपथेवर सांगे की आपण चारच दाबली. त्याला स्वतःला ती दाबल्यासारखीच वाटत. एकदा झालं, हसण्यावारी गेलं. पुन्हा पुन्हा होऊ लागल्यावर लोक म्हणू लागले, मधल्यामध्ये एक बोट हा खातो.

सगळ्यात जास्त दुखावला तो मौलासाब. हा सोलापूरचा बकऱ्यांचा मोठा व्यापारी, आणि दोघांची मैत्री मिसरूड फुटल्यापासूनची. त्याने एके दिवशी घोंगड्याखालून हात बाहेर काढला आणि एवढंच म्हणाला, "धुळाबा, तुझा हात आता माझ्याशी खोटं बोलतो." त्यानंतर त्याने धुळाबाच्या घोंगड्याखाली हात घातला नाही. मग इतरांनीही घातला नाही.

"मेंढरं हायत, पोटाला मिळंल," पारूबाई म्हणाली. "पन मौलासाब रस्त्यात तोंड फिरवून जातो, तवा ह्यो मानूस जेवत न्हाय."

मी त्यांना आठवड्याने यायला सांगितलं, ते केवळ काही सुचेना म्हणून. आणि त्या आठवड्यात माझं नशीब बोटीने विलायतेहून आलं. मी एक डॉक्टरी साप्ताहिक मागवत असे. ते शिळं होऊन यायचं, पण यायचं. त्यात एका डॉक्टरीणबाईंनी याच आजारावर लिहिलं होतं. इझरिनचं इंजेक्शन दिलं की पापण्या उघडतात, हातात जोर येतो. काही तासांनी औषध उतरतं आणि माणूस पुन्हा पहिल्यासारखा होतो. मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माठाशेजारच्या ओल्या फडक्याकडे बघत बसलो. त्या बाईंना मी मनातल्या मनात साष्टांग दंडवत घातला.

डोळ्यात घालायचं औषध दंडात टोचायचं, म्हणून मी धुळाबाला धोका स्पष्ट सांगितला. नरसय्यांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. त्यांनी त्याला हेही ऐकवलं, की आफ्रिकेत हाच घेवडा चोरीचा आळ आलेल्याला खायला घालत. उलटी होऊन वाचला तर निर्दोष, मेला तर चोर. मी नरसय्यांकडे डोळे वटारून पाहिलं. पण धुळाबाची मान ताठ झाली.

"मंग द्या की! ह्येच पायजे हुतं मला."

दिलं. पहिल्यांदा त्याच्या पोटात असा काही गडगडाट झाला की पारूबाई दारापर्यंत पळाली. धुळाबा घाईघाईने मागच्या अंगणात जाऊन आला. पुढच्या खेपेपासून मी जोडीला थोडं ॲट्रोपीन देऊ लागलो आणि ती भानगड मिटली. पण अंगणातून तो आला तो टक्क उघड्या डोळ्यांनी! उरलेली भाकरी त्याने उभ्याउभ्या कडाकडा खाल्ली. मग नरसय्यांचा हात हातात घेऊन दाबला, तेव्हा नरसय्यांनी "अय्यो!" करून तेलुगूत काहीतरी म्हटलं. ते मी इथे लिहीत नाही. पारूबाई रडत होती आणि हसत होती. मी जोरात खोकलो. डॉक्टरला तेवढी सोय असते.

आता मौलासाबला पटवायचं. मंगळवारच्या बाजारात मी स्वतः गेलो. दुपारी एका लिंबाखाली धुळाबाला इंजेक्शन दिलं, आणि मौलासाबला हाताला धरून आणलं. पांढरी दाढी, डोक्याला रेशमी रुमाल, बोलणं अदबीचं. मी त्याला पाटी, खडू, पुसणारा सगळं समजावलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हौ डागदरसाब," तो म्हणाला. "पण एक सांगा. सुई टोचून इमान येतं काय?"

तरीही माझ्या भिडेखातर त्याने घोंगड्याखाली हात घातला. सौदा चोख झाला. बाजाराने ते बघितलं. मग दुसरे आले, तिसरे आले. धुळाबाचे डोळे सताड उघडे, आवाज खणखणीत, बोटं पोलादी. मी चहा मागवून फुशारक्या मारत बसलो. जणू तो घेवडा माझ्याच परसात पिकला होता.

मौलासाब परत आला तो गंभीर चेहऱ्याने.

"हातात एवढा जोर आहे," तो धुळाबाला म्हणाला. "मग माझ्याच वक्ताला कुठं गेला होता? म्हणजे जमत होतं. करत नव्हतास."

मी चहा खाली ठेवला. माझ्या औषधाने आरोप खोडला नव्हता, शाबीत केला होता! मी तावातावाने पुन्हा पाटी आणि खडू सांगू लागलो. मौलासाब मान हलवत राहिला. शहाण्या माणसाला पुस्तकातलं कारण किती पोकळ वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

उन्हं कलली होती. धुळाबाच्या पापण्या किंचित खाली येताना दिसल्या, तशी मी पिशवी उघडली. दुसरं इंजेक्शन देता येण्यासारखं होतं. धुळाबाने माझा हात धरला.

"नगं. उतरू द्या."

"अरे, सगळ्यांसमोर तुझं पुन्हा—"

"त्येच दाकवायचंय की."

तो मौलासाबकडे वळला. "मौलासाब, सुईचं मला कायबी सांगता येत न्हाय. एकडाव हात दे. मी पाची बोटं दाबून धरतो. तू सोडू नगंस. म्या बी सोडत न्हाय."

मौलासाबने हात पुढे केला, घोंगडं पडलं, आणि दोघं समोरासमोर खाली बसले. माणसं गोळा झाली. आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, कुणालाच दिसत नव्हतं. मी फक्त मौलासाबचा चेहरा बघत होतो.

बराच वेळ तो चेहरा दगडासारखा होता. मग त्याच्या भुवया जवळ आल्या.

"दाब," तो म्हणाला.

"दाबतुयाच की."

"करंगळी सुटली. दाब."

"दाबलीया."

धुळाबाचं कपाळ घामाने भिजलं होतं. दंडाच्या शिरा फुगल्या होत्या. मान मागे गेली, पापण्या खाली येत गेल्या, आणि ओठांवरून शब्द घसरू लागले. मौलासाब त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि घोंगड्याखाली एकेक बोट त्याला सोडून जात होतं.

"धुळाबा, दाब रे," तो अगदी हळू म्हणाला.

"समदा जोर... लावलाय... मौलासाब."

मौलासाबच्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरलं. त्याने घोंगडं उचलून बाजूला फेकलं. भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, कुणी कधी पाहिले नव्हते ते दोन हात उघडे पडले. मौलासाबचा पंजा पसरलेला, आणि त्यावर धुळाबाची पाची बोटं नुसती ठेवल्यासारखी. मौलासाबने दुसऱ्या हाताने ती बोटं स्वतःच्या बोटांवर एकेक करून मिटवली, वरून घट्ट दाबून धरली, आणि ज्या बाजारात भाव कधी कुणाच्या तोंडून ऐकू आला नव्हता तिथे ओरडला, "पाच! धुळाबानं पाच म्हटलेत! मला पाच कळले!"

कुणी हसलं नाही. धुळाबाला हसायचं होतं, पण त्या आजारात दिवस कलला की हसूसुद्धा ओठांपर्यंत चढत नाही. मौलासाब खाली वाकला, त्याच्या त्या मिटत चाललेल्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाला, "हस रे हस. दिसतंय मला."